गिरणीच्या पूर्वेची निळी रेघ

४ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र बघून दचकू नका, सगळे जिवंत आहेत. अण्णांची खाट गिरणीमागच्या खोलीत. तिथून फोनवरचं एकेक अक्षर त्यांना ऐकू जातं आणि मग दिवसभर माझी उलटतपासणी चालते. जेवायला हाक मारली तर मात्र कान गेलेले असतात. म्हणून लिहिते आहे. तुमचा फोनही त्या नकाशांच्या दालनात बंदच असतो.

काम असं आहे. गेल्या पावसात खालच्या आळीत पुन्हा पाणी शिरलं, सलग तिसऱ्या वर्षी. भर दुपारी कमरेएवढं. इस्त्रीवालीची सासू अंथरुणाला खिळलेली होती, तिला उचलायला माणसं पोचेपर्यंत उशीर झाला. हे मी तेव्हा तुम्हाला कळवलं नव्हतं. आता नगरपालिकेने पावसाआधी मोठा नाला खणायचं ठरवलंय. नवा इंजिनिअर म्हणतो, गावातून पूर्वी ओढा जात होता, तो बुजला म्हणून पाणी भरतं; ओढा जिथून होता तिथूनच नाला काढायचा. बोलणं शहाणपणाचं आहे. पण ओढा होता कुठे, हे कोणाला ठाऊक आहे?

म्हाताऱ्यांची बैठक बोलावली. तीन म्हातारे, चार वाटा. मास्तर म्हणाले, धान्याच्या गोदामाच्या पूर्वेला, बाजाराच्या मैदानातून. सुतारबुवा म्हणाले, पश्चिमेला, म्हणजे नेमका आपल्या गिरणीतून. तिसऱ्याने दोन्ही सांगितलं आणि चहा मागितला. अण्णांना कोणी बोलावलं नाही, ते खाटेवरून उठत नाहीत म्हणून.

मैदानातून नाला गेला तर कोणाचं काही बिघडत नाही, तिथे रिकाम्या ट्रॉल्या उभ्या असतात. गिरणीतून गेला तर जातं, मागची खोली, अण्णांची खाट, सगळं गेलं. तुमचे दादा गेल्यापासून सहा वर्षं मी या एका पट्ट्यावर घर ओढते आहे. मला दुसरं काही येत नाही आणि आता शिकायचा उत्साहही नाही.

तुमच्याकडे जुने नकाशे आहेत ना? तेवढं बघा. इंजिनिअर म्हणतो, सरकारी नकाशावर ओढा दिसला तर प्रश्नच मिटला.

वहिनी


१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नकाशे आहेत. आपल्या गावाची तीन शीट निघाली. पहिलं त्रेसष्ट वर्षांपूर्वीच्या मोजणीचं, दुसरं पस्तीस वर्षांपूर्वीचं, तिसरं अलीकडचं. पहिलं शीट कापडावर चिकटवलेलं आहे आणि घड्यांवर झिजलंय. रुंद टेबलावर पसरून चारी कोपऱ्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्या लागतात. वीस वर्षं इथे काम करते, हजारो शीट लोकांना काढून दिली असतील, पण आपल्या गावाचं कधी उघडलं नव्हतं. का नाही, याचा विचार करत होते. बहुधा तिथे काही बघण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं. हे लिहिताना बरं वाटत नाही.

गाव केवढंसं आहे! काळ्या चौकोनांच्या दोन ओळी, म्हणजे घरं. विहिरी निळ्या ठिपक्यांच्या. शाळा जिथे आहे तिथे वीटभट्टी. गोदाम आहे, पण आपल्या गिरणीच्या जागी कोरी जमीन. आणि उत्तरेच्या टेकडीवरून उतरून गोदामाच्या पूर्वेने, मैदानातून खाली गेलेली एक बारीक निळी रेघ. पूर्वेनेच, वहिनी. मी भिंग लावून पाहिलं.

आधी आनंद झाला. मग, आनंद झाला आहे म्हणून पुन्हा एकदा तपासलं. उरलेली दोन्ही शीट काढली. दोन्हींवर रेघ तिथेच. तीन वेळा, तीन वेगळ्या तुकड्यांनी केलेल्या मोजण्या आणि तिन्ही एकच सांगतात. न्यायालयातही याहून जास्त साक्षीदार मागत नाहीत.

पहिल्या शीटची नक्कल सोबत आहे. खाली "मूळ शीटबरहुकूम" असं लिहून मी सही-शिक्का केला आहे. ते माझं रोजचंच काम. इंजिनिअरना द्या.

इस्त्रीवालीच्या सासूबद्दल वाचून वाईट वाटलं. लहानपणी माझ्या शाळेच्या फ्रॉकला तीच इस्त्री करायची आणि पट्ट्या चुकल्या की आई मला परत पाठवायची. तिचं नाव आठवत नाही.

अण्णांची तब्येत कशी आहे, एवढंच विचारते. जास्त विचारलं की तुम्ही म्हणता, येऊन बघा.

तुमची नणंद


२२ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या हाताला सोन्याचं कडं घालायला हवं. नक्कल इंजिनिअरच्या टेबलावर ठेवली तेव्हा त्याने शिक्क्याकडे बघून खुर्ची मागे सरकवली आणि मला बसा म्हणाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी विचारलं, "जमीन मोजून बघणार ना पण?" म्हणाला, "बाई, आमचं लेव्हलचं यंत्र दुरुस्तीला गेलंय ते अजून आलेलं नाही. आणि सरकारी नकाशा हातात असताना मोजायचं कशाला?" मी म्हटलं बरं.

मैदानात चुन्याची रेघ मारून झाली. रिकाम्या ट्रॉल्या हलवल्या. सुतारबुवा रुसलेत. गिरणीत दळण टाकायला आले नि म्हणाले, "तुमच्या नणंदेचा कागद शिकलेला आहे, मी अडाणी, पण पाण्याला वाचता येत नाही." पीठ घेऊन गेले, पिशवी इथेच विसरले. रागात माणूस पिशवी विसरतो.

मास्तर खूश. तुमची हुशारी आपण चौथीतच ओळखली होती म्हणे. तुम्ही त्यांच्या वर्गात होतात तरी का?

अण्णांना सांगितलं. काही बोलले नाहीत, झोपून गेले. तब्येत आहे तशी. पाठीला जखम होऊ नये म्हणून मी दर दोन तासांनी कूस बदलते, जातं थांबवून. गिऱ्हाईक तोवर उभं राहतं.

आता एक करा. काम झालं आहे. आणखी खोदत बसू नका, तुमची सवय मला ठाऊक आहे. लग्नात माझ्या साडीच्या निऱ्या मोजणारी बाई तुम्ही.

वहिनी


९ मार्च

प्रिय वहिनी,

तुम्ही नको म्हणालात आणि मी खोदत बसले. हे पत्र नऊ दिवसांपूर्वी लिहायला हवं होतं. नऊ दिवस का लावले याचं प्रामाणिक उत्तर असं की, तुमचं "सोन्याचं कडं" मला फार आवडलं होतं.

शीट परत जागेवर ठेवताना सहज लक्ष गेलं. नकाशावर जागोजाग बारीक आकडे असतात, समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये. निळी रेघ गावात शिरते तिथे आकडा आहे ४१२. मैदानात, रेघेला लागूनच, ४१३. म्हणजे ओढा टेकडीवरून खाली आला आणि मग मैदानात एक मीटर वर चढला. पाणी असं करत नाही. गोदामाच्या पश्चिमेला, आपली गिरणी आहे तिथे, ४११. त्याखाली ४०९. पाणी तिथूनच जाणार. एक मीटरचा चढ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपल्याला कोणालाच कधी जाणवला नाही.

मग तीन साक्षीदारांचं काय? दुसऱ्या शीटच्या समासात, अगदी बारीक टाइपात, लिहिलं आहे: "पाण्याच्या रेषा आधीच्या शीटवरून." तिसऱ्यावरही तेच. म्हणजे तीन साक्षीदार नाहीतच. एकच आहे, बाकीच्या दोघांनी त्याची री ओढली. समास वाचायचा असतो, हे मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवते. स्वतः वाचला नाही, कारण उत्तर मनासारखं होतं.

पहिल्या तुकडीची टिपणवही आमच्याच तळघरात आहे. तीही काढली. उंच्या यंत्राने मोजलेल्या आहेत, पण ओढ्यापुढे लिहिलंय: "कोरडा. झाडीमुळे चालून पाहता आला नाही. स्थानिक पट्टीवाल्याने हात करून दाखविला त्याप्रमाणे." पट्टीवाला म्हणजे मोजणीच्या वेळी आकड्यांची उंच लाकडी पट्टी धरून उभा राहतो तो.

वहिनी, अण्णांनी तरुणपणी मोजणीवाल्यांची पट्टी धरली होती. आम्हा दोघा भावंडांना ते कितीदा सांगायचे. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे असतील. त्रेसष्ट वर्षांपूर्वी.

त्यांना विचारा. तुम्हाला योग्य वाटेल तसं विचारा.

मी केलेली नक्कल खरी आहे. मूळच खोटं आहे. त्याखाली माझी सही आहे.

तुमची नणंद


१५ मार्च

विचारायची गरज नाही. मला ठाऊक आहे.

तुझी नक्कल आली त्याच दिवशी मी त्यांच्या उशाशी बसून वाचून दाखवली. झोपले असं मी तुला लिहिलं ते खोटं. ते हसायला लागले, मग ठसका लागला, मग रडले. म्हणाले, "ती रेघ माझी आहे." मोजणीचा शेवटचा दिवस होता. साहेबाला ऊन लागलेलं, डोक्याला ओला टॉवेल बांधून खुर्चीत बसला होता. विचारलं, ओढा कुठून जातो? ओढा तेव्हा दोन-तीन वर्षं कोरडाच होता आणि अण्णांच्या वडिलांनी त्याच्या पात्रात गुपचूप नांगर घालून सोळा सऱ्या मका लावला होता. नकाशावर तिथे पाणी दिसलं तर जमीन जाईल, अशी भीती घातलेली होती वडिलांनी. म्हणून अण्णांनी हात केला पूर्वेकडे. साहेब उठलाच नाही. लिहून घेतलं. पुढे त्याच मक्याच्या जागेवर गिरणी उभी राहिली, उंच चौथऱ्यावर, कारण खाली कायम ओल असायची. पावसाचं पाणी त्याच वाटेने येतं, आपल्या चौथऱ्याला आपटतं आणि वळून खालच्या आळीत जातं. तुला वाटतं मला कळत नाही? मशीनचा पट्टा दर पावसाळ्यात कुजतो, तो काय हौसेने कुजतो?

सगळं कळतं. मग काय करू सांग. गिरणी पाडू? अण्णांना घेऊन रस्त्यावर बसू? तू पंचवीस वर्षांपूर्वी शिकायला म्हणून गेलीस ती गेलीस. दादाच्या वेळी आलीस, बाराव्या दिवशी गेलीस. आता एका आकड्यासाठी तुला झोप येत नाही. तुझं काय जातंय यात? तुझा पगार चालू राहील, तुझे नकाशे चालू राहतील. समास आधी तू स्वतःही वाचला नव्हतास, तूच म्हणालीस. अजूनही नाही वाचलास असं समज.

लिहू नकोस.


२७ मार्च

प्रिय वहिनी,

लिहू नकोस म्हणालात तरी लिहिते आहे. तुम्ही मला पहिल्यांदाच "तू" म्हणालात. घाबरले, आणि थोडं बरंही वाटलं. इतकी वर्षं आपण दोघी फार जपून बोललो.

तुम्ही लिहिलं त्यातलं काहीही खोडता येत नाही. माझं काही जात नाही, हे सगळ्यात खरं. मी ते पत्र बारा दिवस पर्समध्ये घेऊन हिंडते आहे आणि त्याच्या शेजारी इंजिनिअरना लिहिलेलं दुसरं पत्र आहे, चार ओळींचं. पाकीट बंद केलेलं. तिकीट लावलेलं. पोस्टाच्या पेटीसमोरून रोज दोनदा जाते.

गप्प राहायचं पूर्ण ठरवून पाहिलं. दोन दिवस जमलंही. स्वतःला सांगितलं की इंजिनिअरचं यंत्र दुरुस्त होऊन येईल, त्यांचं त्यांना कळेल. मग सांगितलं, पाऊस यंदा कमी पडेल. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की, मी दुसऱ्या कोणाच्या तरी सासूवर हिशेब सोडते आहे.

सरळ सांगते. मैदानात नाला खणला तर त्यात पाणी चढणार नाही. ते आपल्या चौथऱ्यावरूनच वळेल आणि आळीत जाईल. आणि आता लोक नाला आहे या भरवशावर सामान खालीच ठेवतील, आजारी माणसांना माळ्यावर चढवणार नाहीत. ते माझ्या सहीच्या भरवशावर असेल. हे मी सोसू शकणार नाही. यात खालच्या आळीची काळजी किती आणि माझ्या सहीची किती, हे मला वेगळं करता आलेलं नाही. तुम्ही विचारलंत तर शपथेवर सांगता येणार नाही.

दहा एप्रिलला मी पाकीट टाकणार आहे. त्याआधी तुम्ही सांगितलंत तर ते घरातून जाईल, बाहेरून येणार नाही. ही धमकीच आहे, हे मला वाचताना दिसतं आहे. दुसऱ्या शब्दांत लिहून बघितलं, तरी धमकीच राहिली.

अण्णांना काय सांगायचं ते मला कळत नाही. मी त्यांच्यावर रागावलेली नाही, एवढं सांगा.

तुमची नणंद


११ एप्रिल

वन्सं,

तुमचं पाकीट काल पेटीत पडलं असेल तर पडू दे. उशीर झाला. मी चार तारखेलाच सांगून मोकळी झाले.

तुमच्या पत्रामुळे नाही. तुमचं पत्र मी दळणाच्या डब्याखाली ठेवलं होतं. दोन तारखेला इस्त्रीवाली गहू घेऊन आली. पीठ पडेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या नणंदेला आमचा नमस्कार कळवा. सासूबाई गेल्या त्या गेल्या, पण यंदा मी नवरा-पोरांना घेऊन खालीच राहणार. माळा काढूनच टाकला, खोली मोकळी दिसते." मी जातं बंद केलं. तिला वाटलं वीज गेली.

इंजिनिअरला सांगितलं तर तो ऐकेना! "बाई, शिक्का आहे यावर." मी म्हटलं, शिक्का ज्या बाईचा आहे तीच म्हणते चूक आहे. म्हणाला, "मग त्यांनी नव्या शिक्क्याने कळवावं." शेवटी मी गवंड्याला गाठलं. त्याच्याकडे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी असते ना, भिंतीची पातळी बघायची? एक टोक गिरणीच्या दाराशी, दुसरं मैदानात. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं, मग जमीन किती खाली राहिली ते फुटपट्टीने मोजायचं. बाजाराचा दिवस, अर्धं गाव जमलं. गिरणी सात फूट खाली भरली. इंजिनिअर स्वतः गुडघ्यावर बसून दोनदा मोजत होता, पँटला चुना लागला.

तेवढ्यात आतून अण्णा ओरडायला लागले. बाहेर न्या, बाहेर न्या. मास्तर आणि सुतारबुवांनी खुर्चीत बसवून उचलून आणलं. उन्हात डोळे मिटून बसले होते. मग सगळ्यांसमोर सांगितलं. मका, साहेब, टॉवेल, सगळं. आवाज फुटत नव्हता, म्हणून मी शेजारी उभी राहून मोठ्याने पुन्हा सांगत गेले, वाक्य वाक्य. ते म्हणाले, "मी दाखवलं." मी ओरडून म्हटलं, "यांनी दाखवलं." सुतारबुवा म्हणाले, "आणि त्या बैठकीत मला वेडा ठरवलंत." मास्तरांनी त्यांना पाणी दिलं. इस्त्रीवाली गर्दीत होती. ऐकून झाल्यावर निघून गेली. अजून आलेली नाही. दळण दुसरीकडे नेते.

नाला गिरणीतून जाणार. महिन्याच्या आत जागा रिकामी करायची आहे. बदली जागा हमरस्त्याच्या कडेला दिली आहे, नुसती जमीन, वर काही नाही. तोवर मशीन सुतारबुवांच्या शेडमध्ये आणि मीही तिथेच, लाकडाच्या भुशात. ते स्वतःच म्हणाले. बढाई मारायला मिळते म्हणून म्हणाले असतील, पण म्हणाले.

तिथे खाट मावत नाही. अण्णांना अठ्ठावीस तारखेला तुमच्याकडे आणते आहे. विचारत नाही, कळवते आहे. किती दिवस ते माहीत नाही. छप्पर होईपर्यंत, नाहीतर त्यांचं होईपर्यंत, आधी जे होईल ते.

कूस दर दोन तासांनी बदलायची असते. आधी डावी, मग पाठ, मग उजवी. घड्याळ लावावं लागतं. मी सांगेन आल्यावर.

वहिनी


१७ एप्रिल

प्रिय वहिनी,

पाकीट नऊ तारखेलाही पर्समध्येच होतं. दहाला टाकलं. तुम्ही चारलाच बोललात हे मला ठाऊक नव्हतं, आणि तेही तुम्ही त्या बाईच्या तोंडाकडे बघून बोललात. मी आकड्यांकडे बघून बोलणार होते. यात काय फरक आहे ते मला नीट मांडता येत नाही, पण आहे.

शीट बदलता येत नाही. छापलेलं छापलेलं असतं. पण आमच्या नोंदवहीत प्रत्येक शीटपुढे शेरा लिहायची जागा आहे. काल तिथे लिहिलं: "ओढ्याची रेघ चुकीची. प्रत्यक्षात गोदामाच्या पश्चिमेने." आमच्या वरिष्ठांनी विचारलं, आधार काय? मी म्हटलं, ज्याने दाखवली त्यानेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मग सही केली.

आता घर. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिन्याला दोन वळणं आहेत. मधल्या वळणावर खुर्ची आडवी करून वळवावी लागेल. काल रिकामी खुर्ची घेऊन मी आणि शेजारच्या शिंपीकाकांनी ते करून पाहिलं. जमतं. अठ्ठावीसला ते घरी आहेत, त्यांचा भाऊही येईल. खाट पुढच्या खोलीत खिडकीशी मावते, पण कपाट काढावं लागेल. बारा दिवसांची रजा मांडली आहे. त्यानंतर दिवसा कोण बसेल ते अजून ठरलेलं नाही. खालच्या मजल्यावर एक बाई आहेत, त्यांच्याशी बोलते.

दर दोन तासांनी, हे वाचल्यावर मी तुमच्या सहा वर्षांचा हिशेब मांडायला लागले होते. अर्ध्यात थांबवला. तो मांडून मला काय मिळवायचं होतं, कोण जाणे.

अण्णांशी काय बोलायचं तेही ठरलेलं नाही. एकोणीस वर्षांचा माणूस उन्हात पट्टी धरून उभा आहे, एवढंच सारखं डोळ्यांसमोर येतं. त्याला कोणी काही समजावून सांगितलेलं नाही. तो हात करतो आणि घरी जातो.

तुम्ही विचारलं नाहीत ते बरं केलंत. विचारलं असतंत तर मी आठवडाभर विचार केला असता, दोन्ही बाजू कागदावर मांडल्या असत्या आणि शेवटी, खोली लहान आहे, असं खरंखुरं कारण तुम्हाला लिहिलं असतं.

खोली लहानच आहे. या.

तुमची नणंद